फोन कोणाच्या खिशात असतो?

विषय सांगितला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "नांदेड-लातूरच्या खेड्यात लठ्ठ लेकरं? आधी कुपोषण बघ की!" प्रश्न चुकीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. देशभरात याच वयातल्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण ३.४ टक्के होतं, आधीच्या फेरीत ते २.१ होतं. आकडा लहान आहे, पण वाढतोय. आणि अडचण अशी की दोन्ही मुलं एकाच घरात सापडू शकतात. धाकटी काटकुळी, थोरला गुटगुटीत. आता या घरातल्या आईला फोनवर "तेल-साखर कमी करा" असं सांगितलं, तर कोणाच्या ताटातलं कमी होईल?

त्यात आपल्याकडे वजन एकटं पुरेसं बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आई आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त.

मग टेलिहेल्थ कशासाठी? किनवटहून नांदेड शंभरावर किलोमीटर आहे. अमेरिकेत मुलांच्या लठ्ठपणावर वर्षभरात किमान २६ तासांचं समुपदेशन सुचवलं जातं. २६ तासांसाठी किती फेऱ्या, किती बुडालेली मजुरी, याचा हिशोब तुम्हीच करून बघा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर कोणीच येणार नाही. आपल्याकडे ई-संजीवनी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो, आणि २०२० पासून घरूनही सल्ला घेता येतो. मला स्वतःला पहिला प्रकार जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे वजनकाटा असतो, आणि काटा वाचणारा माणूसही.

कारण माझ्या पहिल्या प्रश्नावलीत मी विचारलं होतं, "घरात स्मार्टफोन आहे का?" जवळपास सगळे 'हो' म्हणाले. मी खूश. फोन लावायला लागले तेव्हा कळलं, की फोन बापाच्या खिशात शेतात असतो, नाहीतर थोरल्या भावाकडे लातूरला, ट्यूशनच्या खोलीवर. डबा भरणारी आई संध्याकाळी साडेसातनंतर दहा मिनिटं सापडते, तीही चुलीपुढे. आता प्रश्न असा आहे: "दुपारी फोन कोणाकडे असतो?" तुमच्या प्रश्नावलीतला 'हो/नाही' असा प्रत्येक प्रश्न एकदा याच नजरेने तपासा.

आता मोजायचं काय? बरेच जण 'किती किलो उतरले' असं लिहितात. वाढत्या पोराचं वजन उतरवायची बऱ्याचदा गरजच नसते. समजा, १० वर्षांचा मुलगा, उंची १४० सेंटिमीटर, वजन ४० किलो. बीएमआय २०.४, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात जास्त वजनाच्या रेषेवर (१८.५). वर्षभरात उंची १४६ झाली, वजन तेच राहिलं, तर बीएमआय १८.८. अकराव्या वर्षीची रेषा १९.२ आहे, म्हणजे पोरगं रेषेखाली आलं. एक किलोही न उतरता! म्हणून वय आणि लिंगानुसार काढलेला झेड-स्कोअर वापरतात.

तुलनेची गोष्ट जरा थांबून समजून घ्या. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ॲन डेव्हिस यांच्या गटाने ५८ ग्रामीण कुटुंबांवर छोटी चाचणी केली: एका गटाला व्हिडिओवरून समुपदेशन, दुसऱ्याला नेहमीच्या डॉक्टरची भेट. दोन्ही गट सुधारले, फरक दिसला नाही. "म्हणजे व्हिडिओ डॉक्टरइतकाच चांगला", असं लगेच लिहू नका. एवढ्या थोड्या कुटुंबांत फरक असूनही निसटू शकतो. शिवाय काहीच न मिळालेला तिसरा गट नसेल, तर दोघांची सुधारणा आपोआपची होती का, हे कसं ठरवणार? टोकाचे आकडे पाहून निवडलेली मुलं पुढच्या मापात थोडी मधे सरकतातच.

आपल्या गावांत आणखी एक भानगड आहे. एका घराला मिळालेला सल्ला दुपारपर्यंत शेजारी पोचतो. त्यामुळे मुलांची नव्हे, गावांची चिठ्ठी काढावी लागते. आणि एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात (तोच किराणा, तेच पाच रुपयांचे पुडे), म्हणून नमुना वाढवावा लागतो. गावागणिक १० मुलं आणि साम्याचा गुणांक ०.०५ धरला, तर १ + ९ × ०.०५, म्हणजे १.४५ पट. शंभर मुलं पुरत होती तिथे १४५.

राहिली संमती. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात मुलाची तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी सहमती पालकांच्या संमतीशिवाय वेगळी घ्यावी लागते. फोनवर हे कसं करता? घरात फोन स्पीकरवरच असतो. आजी शेजारी असते, चुलत भावंडं असतात. एकदा मी 'लठ्ठपणा' हा शब्द उच्चारला आणि पलीकडून कुणीतरी खिदळलं. पोरगा उठून गेला, पुढचे दोन फोन त्याने घेतलेच नाहीत. आता मी आधी विचारते, "तुझ्याजवळ कोण कोण बसलंय?" आणि मग उंचीपासून सुरुवात करते.