तिऱ्हाइताचं दार

दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या 1976 च्या दुरुस्तीला यंदा पन्नास वर्षं होतायत. आणि गेल्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयासमोर आकडा आला: देशभरात 8,82,578 दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, तुंबलेल्या. हुकूमनामा हातात आहे, वसुली नाही. तो आकडा मला फार लागला.

1908 पासूनची जवळजवळ सत्तर वर्षं थोडक्यात सांगतो. ऋणकोच्या घरातून जप्त झालेली वस्तू ‘माझी आहे’ म्हणणाऱ्या तिऱ्हाइताची कोर्ट वरवर चौकशी करी. निकाल विरुद्ध गेला, की त्यानं वर्षाच्या आत वेगळा दावा लावायचा. 1976 च्या दुरुस्तीनं हे बदललं, तिऱ्हाइताला त्याच कोर्टात दार उघडलं.

मी वकिली सुरू केली 1981 मध्ये, तालुक्याच्या कोर्टात. नव्या नियमाचं मोल मला एका बाईंनी शिकवलं. दिराच्या कर्जापायी बेलिफानं एकत्र घरातून त्यांचं शिलाई मशीन उचललं होतं. पिठाच्या डब्यात जपलेली पावती घेऊन त्या आल्या. दुरुस्त झालेल्या नियम 58 खाली हरकत घेतली, लिलाव थांबला, मालकी त्याच कोर्टात ठरली. त्या आदेशाला हुकूमनाम्याची ताकद. वेगळा दावा नको. नाझरच्या खोलीतून मशीन बाहेर आलं, तेव्हा बाईंनी आधी पदरानं त्यावरची धूळ पुसली.

हे दार बिघडवलं ते आम्ही वकिलांनीच. दशक सरता सरता जप्ती निघाली, की ऋणकोचा मेहुणा मागच्या तारखेचा कागद घेऊन हजर होऊ लागला. ‘टाक हरकत, तीन वर्षं निघतील,’ असं एका ज्येष्ठानं मला सांगितलं. मी नकार दिला. अर्ज दुसऱ्यानं लिहिला. मी गप्प राहिलो, तो सल अजून आहे. मुद्दाम लांबवलेली हरकत दाखलच करून घेऊ नये, असं नियमातच लिहिलंय. पण ते हत्यार उचलायला न्यायाधीश कचरत राहिले.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दरखास्तीसाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तरीही ढीग आहेच. खोट्या हरकतींमुळे धनको नाडला जातो, हे सगळेच बोलतात. पण खऱ्या पावतीकडेही आता कोर्ट आधी संशयानं बघतं. त्या बाई आज आल्या असत्या, तर मशीन नाझरच्या खोलीतच गंजलं असतं, आणि त्यांच्या घरची चूल त्यावरच चालत होती.