लोंबकळणाऱ्या ‘एल्स’चा धनी कोण?

‘लाल टोपी आणि सदरा’ या शब्दांत सदराही लाल आहे की केवळ टोपी, हे व्याकरण सांगत नाही. माणूस ते संदर्भावरून ठरवतो. कंपायलरला ही मुभा नसते. प्रोग्रॅमची रचना ओळखणारा त्याचा भाग, म्हणजे पार्सर, नियमांनुसार प्रत्येक विधानाचा एक वृक्ष उभा करतो, आणि ज्या व्याकरणात एकाच विधानाचे दोन वेगळे वृक्ष निघू शकतात, त्याला संदिग्ध व्याकरण म्हणतात.

‘७ − ३ − २’ची फोड डावीकडून केल्यास उत्तर २ आणि उजवीकडून केल्यास ६ येते, येथे डावीकडून मोजण्याचा जुना संकेत नियमात उतरवला की भागते. अधिक चिवट पेच अल्गॉल ६० या भाषेच्या काळापासून चर्चेत असलेल्या ‘लोंबकळणाऱ्या एल्स’चा आहे. ‘जर अ, तर जर ब, तर क, नाहीतर ड’ या विधानातील ‘नाहीतर’ (एल्स) आतल्या ‘जर’चे (इफ) मानले, तर अ खोटे असताना काहीच घडत नाही, बाहेरच्या ‘जर’चे मानले, तर ड घडते.

सी भाषेने ‘एल्स’ सर्वांत जवळच्या ‘इफ’ला बहाल केले. स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये तयार केलेले याक हे पार्सर घडवणारे साधनही, पुढचे चिन्ह वाचावे की वाचलेला भाग मिटवावा असा संघर्ष आला की वाचनच निवडते, आणि परिणाम तोच होतो. याक अशा संघर्षांची सूचना देते. ती दुर्लक्षिणे घातक आहे, कारण कोणतेही व्याकरण संदिग्ध आहे की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत अस्तित्वात असूच शकत नाही, हे १९६२ मध्येच सिद्ध झाले. मात्र डोनाल्ड नूथ यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या एलआर पद्धतीत संघर्षाविना बसणारे व्याकरण निश्चितपणे असंदिग्ध असते, आणि एवढी हमीही मोलाची आहे.

ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडलेल्या व्याकरणप्रकारात पर्याय क्रमाने तपासले जातात आणि जुळणारा पहिला पर्याय स्वीकारला जातो. त्यामुळे संदिग्धता व्याख्येनेच संपते, पण दुसरा अर्थ लेखकाच्या नकळत गळून पडू शकतो. हा उपाय प्रश्न सोडवण्यापेक्षा झाकतो अधिक.

सर्वांत प्रामाणिक मार्ग समाप्तीचे चिन्ह सक्तीचे करण्याचा आहे. अल्गॉल ६८ मध्ये ‘इफ’ हा शब्द उलटा लिहून विधान बंद होते, तर गो भाषेत महिरपी कंस अनिवार्य आहेत. सीमध्ये मात्र, ओळीच्या सुरुवातीच्या ज्या मोकळ्या जागेवर वाचणाऱ्याचा डोळा विसंबतो, ती कंपायलर विचारातच घेत नाही.