कडीपाटाची माडी दुरुस्त करताना

सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, किल्ल्याखालचं, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. अशा जुन्या गावात आपलं वडिलोपार्जित घर असेल, तर माडीवरची जमीन बहुधा कडीपाटाची असते. म्हणजे भिंतीत टेकवलेल्या जाड तुळया, त्यांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या.

रंध्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत असेल, तर गळती तिथलीच असते. ती थांबवल्याशिवाय खालचं काम करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मग खालच्या खोलीतून तुळयांची टोकं तपासा. भिंतीत शिरलेला भाग ओल धरतो आणि सगळ्यात आधी तोच कुजतो. मधला भाग मात्र ठणठणीत दिसतो. फसगत इथेच होते. हातोडीनं ठोकून पाहा. आवाज पोकळ आला किंवा स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, तर आधी टेकू द्या आणि जाणत्या सुताराला बोलवा. तोवर माडीवर चढू नका.

फळ्या काढताना प्रत्येकीवर खडूनं क्रमांक घाला. गंजलेला खिळा ओढून काढताना फळी फाटते. तो खालून कापावा. बदली फळीसाठी मोडलेल्या घराचं जुनं सागवान उत्तम. मात्र फळीची फिकट कड नीट पाहा. ती झाडाच्या बाहेरच्या थरातली असते, आणि वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा टाळत असली तरी या कडेला सोडत नाही.

फटी भरायची घाई वैशाखात करू नका. खानदेशच्या उन्हात लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं. उन्हाळ्यात गच्च भरलेली फट श्रावणात फळ्या वर उचलते. बारीक फटी तशाच राहू द्याव्यात, हे माझं मत.

घासायचं यंत्र बेतानं चालवा. दर घासणीला फळी पातळ होते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. वरून सिमेंट ओतून फरशी बसवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. वजन वाढतं आणि ओल आत कोंडते.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. आधीचा हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा आणि उघड्यावर पसरून वाळवा.