आडवी बाटली की तक्रारअर्ज?

गावात दारूचे दुकान नको, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण हे ‘नको’ कुठे नोंदवायचे आणि कोणत्या कागदावर, हे ठाऊक नसल्याने बऱ्याच मोहिमा मोर्चा आणि घोषणांवरच थांबतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, या विषयाचा अनुभव दांडगा आहे. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या महिलांनी २०१६ मध्ये मतदान करून गावातली परवानाधारक दारूची दुकाने बंद पाडली. त्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत नशाबंदी हा गावाच्या पंचसूत्रीचाच भाग होता.

महाराष्ट्रात गावाच्या हाती दोन साधने आहेत. एक तक्रार, दुसरे मतदान. नियम मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची. जे नियमात बसते पण गावाला नको आहे, त्याविरुद्ध मत द्यायचे. या दोहोंची अदलाबदल झाली की दोन्ही बोथट होतात. म्हणून आपण एकेक पायरी घेत जाऊ.

पायरी १ : समोर काय आहे ते ओळखा

सर्वात आधी एवढेच पाहावे, की विक्रीला परवाना आहे का? परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. दारूचे उत्पादन, विक्री आणि तिच्यावरचा कर पाहणारे हे सरकारी खाते. देशी दारूच्या दुकानाला ‘सीएल-३’, परमिट रूमला ‘एफएल-३’, बिअर शॉपीला ‘एफएलबीआर-२’ असे परवान्याचे प्रकार असतात. दुकानाच्या फलकावर ही अक्षरे बहुधा दिसतातच. न दिसल्यास विभागाच्या तालुका किंवा जिल्हा कार्यालयात विचारावे.

परवाना नसेल तर ती अवैध विक्री. हातभट्टी, टपरीमागची विक्री, ढाब्यावर चोरून मिळणारी बाटली, हे सगळे त्यात आले. इथे मतदानाचा प्रश्नच येत नाही. गुन्हा चालू ठेवायचा की नाही, यावर गाव मत घेत नसते.

परवाना असेल आणि दुकानदार वेळ पाळत असेल, अल्पवयीन मुलांना विकत नसेल, तर त्याच्याविरुद्ध खोटी तक्रार रचू नये. त्याच्यासाठी मतदानाचा मार्ग आहे. मात्र परवाना असूनही तो नियम मोडत असेल, तर तेवढ्या उल्लंघनाची तक्रार जरूर करावी.

नेहमीची चूक इथेच होते. मतदानाची खटपट मोठी वाटते, म्हणून परवानाधारकाविरुद्ध अर्जांवर अर्ज टाकले जातात. अधिकारी येतो, कागद पाहतो, सगळे बरोबर आढळते. असे दोनतीनदा झाले की गावाच्या पुढच्या खऱ्या अर्जाकडेही कोणी लक्ष देत नाही.

पायरी २ : तक्रार लिहिताना

अवैध विक्रीची तक्रार पोलीस ठाण्यात किंवा उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे द्यावी. अधीक्षक म्हणजे या खात्याचे जिल्ह्यातले प्रमुख. तातडीचे असेल तर ११२ क्रमांक आहेच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील कलम ६५ खाली विनापरवाना दारू गाळणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

अर्जात चार गोष्टी हव्यात : जागा नेमकी कुठे, विक्री कोणत्या वेळी, काय विकले जाते, आणि आपण स्वतः काय पाहिले. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हे वाक्य तपासाच्या कामाचे नाही. ‘एसटी थांब्यामागच्या पत्र्याच्या खोलीत रोज संध्याकाळी सातनंतर’ हे कामाचे आहे.

ऐकीव आणि पाहिलेले वेगवेगळे लिहावे. ऐकलेले असेल तर तसे म्हणावे. अर्जाची प्रत ठेवावी आणि तीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढे पाठपुरावा करताना हीच पोच उपयोगी पडते.

आता सर्वात जपायची बाब. बांधाचा वाद, भाऊबंदकी किंवा निवडणुकीतला राग तक्रारीत मिसळू नये. एखाद्याला त्रास व्हावा म्हणून सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. आणि एकाच मजकुराचे पन्नास अर्ज वेगवेगळ्या नावांनी दिल्याने पुरावा पन्नासपट होत नाही. पाहिलेल्या माणसाचा एक नेमका अर्ज त्याहून भारी ठरतो.

तक्रार किती गंभीर असू शकते, हे जिल्ह्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये पाहिले. जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावर नगर तालुक्यातल्या पांगरमल येथे एका पार्टीत बनावट दारू पिऊन अनेकांचा जीव गेला. ती दारू नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनत होती, असे तपासात पुढे आले. बनावट मालाची शंका आली की मतदानाची वाट पाहत बसायचे नसते. त्याच दिवशी कळवायचे असते.

पायरी ३ : एकट्याने नाही, ग्रामरक्षक दलातून

एकट्याने तक्रार करायला भीती वाटते आणि ती खोटी नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या मागणीनंतर राज्याने २०१६-१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. मतदारांच्या लेखी मागणीवरून ग्रामसभेत हे दल निवडले जाते आणि त्यात महिला असाव्या लागतात. अवैध दारूची माहिती पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाला देणे, हे त्याचे काम.

दलाचे काम माहिती देण्यापाशी संपते, हे सदस्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. झडती, जप्ती आणि अटक पोलिसांनी करायची. दलाच्या सदस्यांनी कोणाच्या घरात घुसून माठ फोडले, तर विक्रेत्याला बचावाचा मुद्दा मिळतो आणि गुन्हा उलट सदस्यांवरच दाखल होऊ शकतो.

राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे अण्णांनी स्वतः सांगितले आहे. त्या काळाचे समर्थक आणि टीकाकार दोन्ही आहेत. आज कोणी तसे करू पाहील तर कायदा त्याला थारा देणार नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

पायरी ४ : मतदानाची मागणी

परवानाधारक दुकानासाठी गावांना लागू असलेला शासनाचा आदेश मार्च २००८ चा आहे. त्यानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी सह्यांचे निवेदन द्यावे लागते. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. अर्ज करण्यापूर्वी अधीक्षक कार्यालयातून सध्या लागू असलेला आदेश आणि अर्जाचा नमुना घ्यावा आणि निवेदन कोणकोणत्या परवान्यांना लागू होईल, हेही विचारून घ्यावे.

पहिले काम मतदार यादीचे. यादी हातात घेऊन वस्तीनिहाय महिलांची नावे मोजावीत. मयत झालेल्या आणि सासरी गेलेल्या मुलींची नावेही यादीत राहिलेली असतात. ती वगळण्यासाठी निवडणूक शाखेत वेळेवर अर्ज करता येतो. ही नावे राहिली तर पुढे महागात पडतात. कशी, ते पुढच्या पायरीत दिसेल.

सह्या सर्वाधिक बाद होतात त्या तीन कारणांनी. नवऱ्याने किंवा मुलाने बाईच्या नावापुढे केलेली सही. यादीत माहेरचे नाव आणि अर्जावर सासरचे. आणि अंगठा कोणाचा, हे सांगणारा साक्षीदारच नाही. म्हणून प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक लिहावा आणि नाव यादीत आहे तसेच ठेवावे. काही सह्या गळतील हे धरून २५ टक्क्यांपेक्षा बऱ्याच जास्त गोळा कराव्यात.

सही मागताना दोन पथ्ये पाळावीत. कागदावर काय लिहिले आहे ते आधी वाचून दाखवावे. आणि बचत गटाच्या कर्जाशी किंवा हप्त्याशी सहीचा संबंध जोडू नये. दबावाने मिळालेली सही पडताळणीच्या दिवशी ‘माझी नाही’ म्हणते, आणि मोहिमेचे नाव जाते ते वेगळेच.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. विषय मोकळेपणाने मांडायला ही जागा चांगली. दुकानदारालाही त्याची बाजू ग्रामसभेत मांडू द्यावी. त्याचा धंदा आज कायदेशीर आहे आणि त्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत. त्याचे ऐकून घेतल्याने गावाचा हक्क कमी होत नाही.

पायरी ५ : मतदानाचे गणित

मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे. आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते हवीत, आणि हा निम्मा भाग झालेल्या मतदानाचा नसून यादीतल्या एकूण मतदारांचा धरला जातो. सर्वाधिक गावे फसतात ती इथेच.

समजा, मतदान फक्त महिलांचे आहे आणि यादीत १,००० महिला आहेत. मागणीसाठी २५० सह्या पुरल्या. मतदानाला ६०० जणी आल्या आणि त्यांतल्या ४८० जणींनी आडवी बाटली निवडली. हे झालेल्या मतदानाचे ८० टक्के. तरीही दुकान चालूच राहते, कारण हवी होती ५०१ मते. घरी राहिलेली प्रत्येक बाई, यादीत उरलेले प्रत्येक मयत नाव, प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. पाथर्डी, शेवगाव भागातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मतदान मधल्या महिन्यांत आले, तर या गावांचे निम्मे गाठणे जवळपास अशक्य. मागणी कधी करायची ते ठरवताना कोयता घेऊन गेलेल्या बायकांचे वेळापत्रक आधी पाहावे आणि तारखेबाबत अधिकाऱ्यांना तसे लेखी कळवावे.

पायरी ६ : प्रचार, आणि गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप

प्रचार दारूविरुद्ध करावा, माणसांविरुद्ध नाही. पिणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे, दुकानदाराच्या कुटुंबाला पाणी, किराणा किंवा लग्नकार्यातून वगळणे, हे कदापि करू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

आजकाल अर्धा प्रचार फोनवर चालतो. तिथेही तक्रार आणि नापसंती यांतला फरक तसाच लागू आहे. समोरच्या गटाने ‘दुकान गेले तर रोजगार जाईल’ अशी पोस्ट टाकली, तर ती आपल्याला पटत नाही, एवढेच. उत्तर द्यावे किंवा नापसंतीची खूण टाकावी. सगळ्यांनी मिळून ती पोस्ट ‘रिपोर्ट’ करू नये. रिपोर्ट म्हणजे नियम मोडल्याची तक्रार. ती राखून ठेवावी धमकीसाठी, शिवीगाळीसाठी, एखाद्या बाईचा फोटो बदलून फिरवला जात असेल तर त्यासाठी. अशा वेळी आधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि मग रिपोर्ट करावे. धमकी असेल तर पोलिसांत अर्जही द्यावा.

पायरी ७ : निकालानंतर

आडवी बाटली जिंकली की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दुकान बंद होते. आदेशाची प्रत, सह्यांच्या प्रती, मतमोजणीचा कागद, सगळे ग्रामपंचायतीत आणि आपल्याकडेही जपून ठेवावे. निघोजला मतदानानंतरही दुकाने पुन्हा सुरू व्हावीत म्हणून हालचाली झाल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. जिंकलेल्या गावाला कागद दाखवायची वेळ कधीही येऊ शकते.

दुकान बंद झाले की चोरटी विक्री डोके वर काढते. तिच्यासाठी पुन्हा मतदान लागत नाही, दुसरी पायरी लागते : नेमकी जागा, नेमकी वेळ, पोच घेतलेला अर्ज. दल नसेल तर ते याच सुमारास स्थापन करावे.

मत हरले, तर पहिला मोह होतो तो दुकानदाराविरुद्ध तक्रारींचा सपाटा लावण्याचा. तो टाळावा. गावाने कौल दिला आहे आणि परवाना कायम आहे. दुकान नियम पाळते का, एवढ्यावर लक्ष ठेवावे आणि मोडलेल्या नियमाचीच तक्रार करावी. दरम्यान यादी दुरुस्त करावी, न आलेल्या महिलांना भेटावे, त्या का आल्या नाहीत ते विचारावे. पुढचे मतदान मागायचे झाले, तर त्याची खरी तयारी या भेटींतूनच होते.