देशाबाहेरून चळवळ चालते कशी?

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मारली गेली. सहाव्या दिवशी ऑलिव्हर टाम्बो पत्रकार रोनाल्ड सीगल यांच्या गाडीतून सरहद्द ओलांडून बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, शिरले. जोहान्सबर्गमध्ये मंडेलांबरोबर वकिली करणारा हा माणूस पळून गेला नव्हता. बंदी येणार हे ओळखून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनेच त्यांना बाहेर पाठवायचं ठरवलं होतं. ८ एप्रिलला बंदी आलीच.

पासपोर्ट नसलेल्या माणसाचं अडतं ते आधी कागदावर. टाम्बोंना पुढच्या प्रवासाची कागदपत्रं भारत सरकारने दिली. त्यासाठी धावपळ केली ती फ्रेन जिनवाला या भारतीय पारशी वंशाच्या कार्यकर्तीने. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मग आसरा. आधी टांझानिया, पुढे झांबियातलं लुसाका. पण पाहुण्याला यजमानाचा कल बघूनच राहावं लागतं. १९८४ मध्ये मोझांबिकने दक्षिण आफ्रिकेशी करार केला आणि तिथल्या बहुतेक कार्यकर्त्यांना बाडबिस्तरा आवरावा लागला.

१९७६ च्या सोवेटोतल्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतर हजारो पोरं सरहद्दीपलीकडे आली. त्यांना जेवण हवं, शाळा हवी. टांझानियाने मझिंबूला जमीन दिली, तिथे सॉलोमन महलांगू या तरुण कार्यकर्त्याच्या नावाने शाळा उभी राहिली. पैशाची मोठी मदत स्वीडनची, शस्त्रं मुख्यतः सोव्हिएत संघाची. संघटनेच्या अंगोलातल्या लष्करी छावण्यांत मात्र हेर असल्याच्या संशयावरून आपल्याच माणसांचे हाल झाले. टाम्बो अध्यक्ष होते; ही जबाबदारी त्यांच्याकडे जातेच.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आतल्या माणसांशी बोलणं. टपाल फुटायचं, फोन ऐकले जायचे. १९८८ मध्ये टाम्बोंनी ‘व्हुला’ मोहिमेत मॅक महाराज या कार्यकर्त्याला गुपचूप देशात पाठवलं, तेव्हा त्यांचे सहकारी टिम जेनकिन यांनी लंडनमध्ये बसून तोड काढली. आतला कार्यकर्ता छोट्या संगणकावर निरोप टंकायचा. फ्लॉपीवरच्या किल्लीने त्याचं सांकेतिक लिपीत रूपांतर व्हायचं आणि मग ती अक्षरं आवाजात बदलून टेपरेकॉर्डरवर भरली जायची. कार्यकर्ता सार्वजनिक फोनवर जाऊन ती टेप रिसीव्हरला लावायचा. लंडनच्या टोकाला यंत्र ते आवाज टिपून घ्यायचं, तिथे ते उलगडून निरोप लुसाकाला जायचा. चोरून ऐकणाऱ्याला नुसती किरकिर ऐकू यायची. फ्लॉप्या आत नेण्याचं काम एका डच हवाई सुंदरीने केलं. तुरुंगातल्या मंडेलांचे निरोपही अखेरच्या काळात याच वाटेने टाम्बोंपर्यंत पोहोचले.

या सगळ्यात घर उरलं ते लंडनला. पत्नी ॲडलेड यांनी परिचारिकेची नोकरी करून तिन्ही मुलं वाढवली. टाम्बो येऊन-जाऊन असत. माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाचं खरं मोल भाषणांत नाही. तीस वर्षं देशोदेशी विखुरलेली संघटना त्यांनी फुटू दिली नाही, ते मोल त्यात आहे.

ऑगस्ट १९८९ मध्ये, सरकारशी करायच्या वाटाघाटींच्या अटींचा मसुदा घेऊन शेजारी देशांचा दौरा आटोपताच, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १३ डिसेंबर १९९० रोजी ते मायदेशी परतले आणि २४ एप्रिल १९९३ रोजी गेले. दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांचं पहिलं मतदान २६ एप्रिल १९९४ रोजी सुरू झालं.