कर्ता हरवलेली वाक्ये

मराठीत 'फुटणे' आणि 'फोडणे' अशी दोन निराळी क्रियापदे आहेत, ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय होय. आपल्या हातून पडलेली काच 'फुटते'. शेजाऱ्याच्या मुलाच्या हातून पडली, तर तो ती 'फोडतो'. आपली गाडी 'चुकते', अभ्यास 'राहून जातो', तोंडून शब्द 'निघून जातो', अपयश तर पाहुण्यासारखे आपण होऊनच 'येते'. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र कर्ता प्रथमा विभक्तीत ठळकपणे उभा असतो: तो आळशी आहे, तो उशिरा उठतो. वाक्यातील कर्ता ओळखणे हे प्राथमिक शाळेतील मुलालाही जमते. मोठेपणी ते अवघड का व्हावे?

सरकारी कचेऱ्यांनी या कलेला शास्त्राचे रूप दिले आहे. 'निर्णय घेण्यात आला', 'प्रकरण विचाराधीन आहे', 'असे कळविण्यात येते' या वाक्यांत माणूस शोधून सापडत नाही. कचेरीपुरते याला समर्थनही आहे. तेथे निर्णय व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो. परंतु हीच भाषा संध्याकाळी डब्याबरोबर घरी येते आणि संसारातही वापरली जाते, तेव्हा गोष्ट निराळी होते. मग विद्यार्थी प्रश्नपत्रिकेकडे बोट दाखवितो, शिक्षक पालकांकडे, पालक शाळेकडे, आणि सर्वांची बोटे अखेरीस परिस्थितीकडे वळतात. परिस्थिती बिचारी उलट उत्तर देत नाही!

वस्तुतः येथे दोन प्रश्नांची गल्लत होत असते. 'जबाबदार' या शब्दाच्या पोटात फारसीतला 'जवाब' आहे. जबाबदार म्हणजे उत्तर देणारा. दोष कोणाचा, हा एक प्रश्न. आता उत्तर कोणी द्यावयाचे, हा दुसरा. शेजारच्या घरातील ठिणगीने आपले छप्पर पेटले, तर दोष निःसंशय शेजाऱ्याचा. तथापि पाण्याची पहिली घागर आपणच उचलतो, आणि तसे केल्याने शेजारी निर्दोष ठरत नाही.

धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1875 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. ऐन पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक वाट तुडविली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी पाहिले, मुलगा वयाने लहान दिसतो असे ठरविले आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. यात कर्व्यांचा दोष तिळमात्र नव्हता. आयुष्यभर पुरेल अशी तक्रार त्यांना सतराव्या वर्षीच मिळाली होती, आणि ती पूर्णपणे खरी होती. ते परत फिरले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास 1881 साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. महिला विद्यापीठाची स्थापना त्यांनी 1916 साली केली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपल्याकडे निवृत्तीची भाषा ज्या वयात सुरू होते, त्या वयात.

परंतु असे दाखले देताना सावध राहिले पाहिजे. 'स्वतःच्या पायावर उभे राहा' हा उपदेश बहुधा खुर्चीत बसलेला माणूसच करतो. ज्याच्या वाटेवर इतरांनी मुद्दाम भिंत बांधली आहे, त्याला भिंतीबद्दल गप्प बसावयास सांगून केवळ पायांचे बळ वाढविण्यास सांगणे, ही शुद्ध लबाडी आहे. अन्याय करणाऱ्याच्या तोंडी स्वावलंबनाचा मंत्र शोभत नाही.

या पेचाचे उत्तर 1927 सालच्या मार्च महिन्यात महाडला मिळाले होते. मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव 1923 साली संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. दोष कोणाचा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाव घेऊन, आडपडदा न ठेवता सांगितले. आणि त्याच परिषदेत आपल्या माणसांनाही त्यांनी बजावले, की मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांची आशा सोडा. एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि एकीने दुसरीचा जोर कमी झाला नाही.

20 मार्चला लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेस आलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास 1937 साल उजाडावे लागले. तळ्याच्या हक्कासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. तुकडे नाकारण्यासाठी मात्र कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची गरज नव्हती.