दुचाकीला लिथियम बॅटरी टाकताय? आधी व्होल्ट मोजा, मग पैसे

अहिल्यानगर : सकाळी दुधाचे कॅन गाडीला अडकवले, डेअरीची वेळ झाली, अन् सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. मग कोणीतरी सांगतं, "लिथियम टाक, टेन्शनच नाही." सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे.

माझ्या गाडीच्या दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. दोष निघाला रेग्युलेटरचा. म्हणून आधी ही तपासणी करा : गाडी चालू करून थोडी रेस द्या अन् मल्टीमीटर बॅटरीच्या टर्मिनलला लावा. 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. 13 च्या खाली असेल तर नवी बॅटरीही बसणार. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय लिथियम लावूच नका.

कोणती घ्यावी?

गाडीला चालते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. तिच्यात चार सेल असतात, वर 12.8 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ती 14.6 व्होल्टपर्यंत चार्ज होते. म्हणून गाडीच्या चार्जिंगशी तिचं जमतं. 11.1 व्होल्ट लिहिलेला तीन सेलचा पॅक 12.6 लाच भरतो. त्याला गाडीचे 14 व्होल्ट मिळाले तर तो जास्त चार्ज होऊन फुगू शकतो, पेटूही शकतो.

फवारणी पंपाची बॅटरी जोडण्याचा जुगाडही नको. सेल्फ मोटर एका दमात भरपूर करंट ओढते. बॅटरीच्या आत राखणदार सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. ते तेवढा करंट सोसणारं नसेल तर जागेवर बंद पडतं. बॅटरी 'मोटारसायकल स्टार्टिंग'साठीचीच घ्या, बिल अन् वॉरंटी कार्डासकट.

फायदा काय?

वजन निम्म्याहून कमी, ॲसिड नाही, पाणी घालायची कटकट नाही. गाडी महिनाभर उभी राहिली तरी चार्ज फारसा उतरत नाही. किंमत मात्र साध्या बॅटरीच्या कितीतरी पट. रोज चालणाऱ्या गाडीला चांगली साधी बॅटरीही पुरते.

इंजेक्शनवाल्या बीएस-6 गाडीची बॅटरी पार उतरली तर किकनेही गाडी चालू होणं अवघड. त्यामुळे टाळाटाळ नको.

बदलताना आधी निगेटिव्ह वायर काढा, लावताना ती शेवटी लावा. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, त्यात शिसं अन् ॲसिड असतं. दुकानदाराला परत दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसेही कमी होतात.